पाऊण म्हणजे काना

शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या छापील पट्टीवर निळ्या बॉलपेनने पुन्हा नाव घालायचं, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. सांगलीच्या मार्केट यार्डातलं एक अडत दुकान, सकाळचा हळदीचा सौदा उरकलेला, बाहेर पोती थप्पीला लावायची हमालांची घाई, आणि आत दिवाणजी प्रिंटरमधून एकेक पट्टी ओढून तिच्यावर पेन चालवत होते. वजन, दर, हमाली, तोलाई, हातात पडणारी रक्कम, सगळं नीट छापून येत होतं. बिघडलेलं होतं ते फक्त शेतकऱ्याचं नाव. नावाच्या जागी चिन्हांची लांबच लांब रांग: डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला इंग्रजी ए, त्याला चिकटून चारी कोपऱ्यांना पाय फुटलेलं एक गोल, मग डिग्रीची टिकली, मग पुन्हा ए, पुन्हा गोल. दिवाणजी त्या रांगेवर नजर फिरवत, वर सुवाच्य मराठीत नाव लिहीत आणि पट्टी बाजूला ठेवत. वही उघडत नव्हते, कुणाला विचारत नव्हते. मला वाटलं, वर्षानुवर्षांची माणसं, चेहऱ्यावरून ओळखत असतील. पण समोर कुणी नव्हतंच. शेतकरी बाहेर चहाच्या गाड्यावर होते.

"नाव कसं कळतं हो?" मी विचारलं.

"वाचतो की," दिवाणजी मान वर न करता म्हणाले. "पाऊण दिसला की काना समजायचं."

मला बोलावलं होतं ते हीच नावं सुधारायला. सर्व्हर बघणारा माणूस म्हणून मिरज-कुपवाडपर्यंत माझी थोडीफार ओळख आहे, त्यामुळे 'मराठी बिघडलंय, बघून जावा' असले फोन अधूनमधून येतात. माझ्या आधी बरेच जण येऊन गेले होते. एकाने मराठी फॉन्टांची सीडीच्या सीडी ओतली होती. एकाने प्रिंटरचा ड्रायव्हर बदलला, एकाने विंडोज नव्याने टाकली, एकाने डेटाबेसचं कोलेशन बदलून बघितलं. ज्याला जे येत होतं, त्याला दोष तिथंच दिसला. दोन हंगाम असे गेले. मालकांनाही फार घाई नव्हती, कारण दिवाणजींचं पेन चालू होतं आणि व्यवहार अडत नव्हता. अडला तो एका उचलीवरून. पलूसकडचे दोन शेतकरी, गाव एकच, पहिलं नावही एकच, फक्त एक खाडे आणि एक गाडे. मुलीच्या लग्नाला गाड्यांनी घेतलेली उचल खाड्यांच्या खात्यावर पडली आणि त्यांच्या पट्टीतून वजा झाली. खाडे दुकानात येऊन काय बोलले ते मालकांनी मला सांगितलं नाही. फोन मात्र त्याच दिवशी आला.

दिवाणजींची डायरी बघितल्याशिवाय मी उठणार नव्हतो. बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी ती दाखवली. खतांच्या दुकानातून दरवर्षी भेट मिळते तसली जाड डायरी, पानांच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झालेल्या. मागच्या एका पानावर दोन स्तंभ: डावीकडे चिन्ह, उजवीकडे अक्षर. डिग्री म्हणजे र. गोलातला आर म्हणजे म. वर लिहिलेला बारका एक म्हणजे ह, बारका दोन म्हणजे ल, बारका तीन म्हणजे ळ. मधोमध तुटलेला दांडा म्हणजे द. पौंड म्हणजे ण. दोन टिंबं म्हणजे न. उलटं प्रश्नचिन्ह म्हणजे पहिली वेलांटी. पाऊण म्हणजे काना. त्याखाली रेघ मारून लिहिलं होतं: 'दोन आडव्या रेघांचा वाय आला तर दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, जोडाक्षर यांपैकी काहीतरी, अंदाजाने घेणे.' आणि सगळ्यात खाली: 'काहीच नाही दिसले तर क ते ठ किंवा भ. माणूस आठवणे.'

मी खिशातून फोन काढला आणि युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, तक्ता उघडून एकेक ओळ ताडून बघितली. एकही चूक नव्हती.

आता हे असं का, ते सांगतो, कारण त्यातली गंमत मला आजही पुरती पचलेली नाही. युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ च्या, म्हणजे ते क्रमांक बाइटांत साठवायच्या पद्धतीच्या, हिशेबाने तीन बाइटचं होतं. 'हळद' तीन अक्षरं, बाइट नऊ. यांतला पहिला बाइट सगळ्या देवनागरीत एकच असतो. दुसरा दोनपैकी एक: व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी यांच्यासाठी एक, दुसऱ्या वेलांटीपासून पुढच्या उकार-मात्रा-हलन्तांसाठी दुसरा. अक्षराची खरी ओळख तिसऱ्या बाइटात. आता हेच बाइट एखाद्याने जुन्या आयएसओ-८८५९-१ या तक्त्यातून वाचले, तर तिथं प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर आहे. पहिल्याचा होतो तिरक्या रेघेचा ए, दुसऱ्याचं पाय फुटलेलं गोल किंवा जपानी येन, आणि तिसऱ्याचं डिग्री, पौंड, पाऊण, जे त्या घरात बसलेलं असेल ते. क ते ट या अक्षरांचा तिसरा बाइट त्या तक्त्यात ज्या घरांत पडतो, तिथं छापण्याजोगं काही ठेवलेलंच नाही. ठ च्या वाट्याला कोरी जागा येते आणि भ च्या वाट्याला एक अदृश्य जोडरेघ. म्हणून ख आणि ग दोन्ही गडप. म्हणून खाडे आणि गाडे कागदावर हुबेहूब एक. दिवाणजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. दहावीनंतर पेढीवर बसलेला, पावकी, निमकी, पाउणकी तोंडपाठ असलेला हा माणूस. जुन्या पट्ट्यांवरची ओळखीची नावं आणि नवी चिन्हं शेजारी शेजारी ठेवून त्याने अख्खी किल्ली स्वतः बसवली होती.

मला आठवली ती गावभागातली लग्नपत्रिकांची दुकानं. युनिकोड घरोघरी यायच्या आधीचा काळ. मजकूर श्रीलिपीत किंवा तसल्याच कुठल्या फॉन्टात टाइप केलेला असायचा, आणि फाइल दुसऱ्या मशीनवर नेली की तिथं तो फॉन्ट नसला तर इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ दिसायची. माझ्या ओळखीचा एक डीटीपीवाला ती भेळ सरळ वाचायचा. वधूपित्याला समोर बसवून पडद्यावरच्या कंस-टिंबांतून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' म्हणून दाखवायचा, आणि वधूपिता थक्क. मराठी माणसाने संगणकावर मराठी वाचण्यासाठी काय काय शिकून घेतलंय, याची नोंद कुठं झालेली नाही. ती झाली तर दिवाणजींचं ते पान पहिल्या पानांत लागेल.

बरं, दोष कुठं होता? पहिला सुगावा दिवाणजींनीच दिला, बोलता बोलता. "जुनी नावं चांगली येत्यात. नवं खातं काढलं की बिघडतंय. आणि जुन्या खात्याला हात लावला, पत्ता बदलला, फोन बदलला, की त्येबी बिघडतंय. म्हणून पोरांना सांगून ठेवलंय, जुन्याला हात लावायचा न्हाई." दुसरा सुगावा मला मिळाला. वरच्या शोधाच्या चौकटीत 'पाटील' टाकलं की सगळे जुने पाटील बिनचूक येत होते. म्हणजे फॉन्ट ठीक, डेटाबेस ठीक, पान दाखवणं ठीक, ब्राउझरकडून सर्व्हरकडे मराठी जाणंही ठीक, निदान शोधताना. बिघाड फक्त साठवताना. शोध जातो ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीतून, गेट विनंतीने. साठवण जाते पोस्टने, विनंतीच्या पोटातून. सर्व्हर होता टॉमकॅट ९, जावात लिहिलेली वेब सॉफ्टवेअरं चालवणारा. टॉमकॅट ७ पर्यंत पत्त्याच्या ओळीतले बाइट मुळात आयएसओ-८८५९-१ म्हणून वाचले जायचे, यूटीएफ-८ हवं असेल तर सर्व्हर.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलीत कनेक्टरला, म्हणजे विनंत्या आत घेणाऱ्या भागाला, तसं लिहून सांगावं लागायचं. ८ पासून ते आपोआप यूटीएफ-८ झालं. पोटातल्या मजकुराचं मात्र तसं झालं नाही. ब्राउझर फॉर्म पाठवतो तेव्हा हे बाइट कुठल्या संकेतातले आहेत ते सांगतच नाही, आणि सांगितलं नाही तर काय धरायचं, तर सर्व्हलेटच्या, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावा प्रोग्रॅमांच्या, नियमात लिहिलंय: आयएसओ-८८५९-१. टॉमकॅट नियमाला धरून वागत होता. ब्राउझरच्या नेटवर्कच्या टॅबमध्ये बघितलं तर ब्राउझरकडून निघालेला 'हळद' तंतोतंत नऊ बाइटांचा. डेटाबेसात पोचलेला मात्र नऊ अक्षरांचा, म्हणजे तिथं अठरा बाइटांचा. तेच खातं पुन्हा उघडून साठवलं की अठरा अक्षरं, पुन्हा साठवलं की छत्तीस. ज्या खात्याची जास्त काळजी घेतली, ज्याचा पत्ता-फोन वेळच्या वेळी सुधारला, त्याचं नाव जास्त बिघडलेलं.

हा आयएसओचा जुना तक्ता १९८७ सालचा, पश्चिम युरोपातल्या भाषांच्या सोयीचा. देवनागरी १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत आली. यूटीएफ-८ ची रचना १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर मांडली. सर्व्हलेट आले त्याच्याही नंतर. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांच्या हाताशी दुसरा पर्याय होता. पण वेब तेव्हा बहुतेक इंग्रजीच होतं, आणि 'न सांगितल्यास हे धरावे' या रकान्यात त्यांनी आपल्या घरचं उत्तर भरलं. मला याचा राग येतो. फार नाही, पण येतो. न सांगता धरलेल्या गोष्टी कुणीतरी कुठंतरी ठरवलेल्या असतात, आणि ज्याच्या बाजूने ठरल्या त्याला त्या दिसतसुद्धा नाहीत. टॉमकॅटवाल्यांनी १० व्या आवृत्तीत सोबतच्या वेब.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलीत यूटीएफ-८ लिहून टाकलं, तेव्हा कुठं हा काटा निघाला. उलटंही घडतं. फेब्रुवारी २०२० मध्ये टॉमकॅटच्या सुरक्षेतली घोस्टकॅट नावाची फट उघडकीला आली, आणि त्याआधी आपोआप उघडा असणारा ८००९ क्रमांकाचा एजेपी दरवाजा, म्हणजे दुसऱ्या वेब सर्व्हरने टॉमकॅटशी बोलायची वाट, नव्या आवृत्त्यांत बंद करून आला. निर्णय शहाणपणाचाच. पण बिनघोर अपडेट मारून झोपलेल्या कितीतरी लोकांची अ‍ॅप्लिकेशनं दुसऱ्या दिवशी सकाळी उघडेनात, आणि ते सगळे आपल्या कोडात चूक शोधत बसले.

कोडात चूक शोधायची खोड कॉलेजपासूनची. आमच्या लॅबमध्ये दर वर्षी एक तमाशा ठरलेला असायचा. डेटाबेसच्या तासाला पोरं ओरॅकल एक्सई टाकायची, आणि जावाच्या तासाला टॉमकॅट. दोघांनाही तेव्हा ८०८० हाच पोर्ट, म्हणजे दरवाजाचा आकडा, लागायचा, कारण दोघांच्याही घरून तोच ठरवून आलेला. टॉमकॅट उठायचा नाही, काळ्या खिडकीत ओळींचा पाऊस पडून खिडकी मिटायची, आणि पोरं आपला 'हॅलो वर्ल्ड' पुन्हा पुन्हा तपासायची. चार ओळींचा प्रोग्रॅम, त्यात चूक असणार तरी कुठं? पण सेटिंग चुकू शकतं हे डोक्यातच नसायचं. सर एकदाच येऊन आकडा ८०८१ करून जायचे, आणि का ते सांगायचे नाहीत. पोरं ते जादूसारखं लक्षात ठेवायची. पुढे नोकरीत लागल्यावर त्यांतल्या कित्येकांनी ८०८१ हाच खरा पोर्ट म्हणून सगळीकडे वापरला.

पेढीवरचं जुनं मशीन असं कुणीतरी एकदा नीट लावलेलं होतं. ते गणपती पेठेत होतं, टॉमकॅट ७ वर, आणि त्यावर मराठी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालायचं. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. त्या आठवड्याबद्दल सांगलीकराला सांगायला नको. 'आयर्विनला किती झालं', म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं, हा एकच प्रश्न फोनवरून फोनवर फिरत होता, आणि आकडा ५७ फुटांच्या वर गेला तेव्हा पेठेतल्या दुकानांचे फलक तेवढे पाण्यावर होते. मालकांनी वह्या, तिजोरी, देवाचा फोटो वर चढवला होता. मशीन टेबलावर ठेवलेलं, टेबल पुरेसं उंच वाटलेलं. पाणी उतरल्यावर केस उघडली तर आत गाळाचा थर, आणि त्याला हळदीचा वास. ही गोष्ट सांगताना मालक अजून नाक उडवतात.

पण बॅकअप होता. मालकांचा मुलगा रोज रात्री पेनड्राइव्हवर डेटाबेस घेऊन विश्रामबागेला घरी जायचा. अ‍ॅप्लिकेशनची वॉर फाइल, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर बांधलेलं गाठोडं, तीही त्यात होती. नवं मशीन आलं, नवा टॉमकॅट आला, डेटा चढला, वॉर चढली, आणि खाती पैशासकट जुळली. एका आण्याचा फरक नाही. मुलाची पाठ सगळ्यांनी थोपटली, आणि ती थोपटावी असंच काम होतं. राहिला तो फक्त टॉमकॅटचा कॉन्फ नावाचा फोल्डर. तो कुणी कधी उचललाच नव्हता, कारण त्यात ना कुणाचं नाव, ना रुपया. माझा अंदाज होता की जुन्या मशीनवर त्या फोल्डरातल्या वेब.एक्सएमएल मध्ये मजकूर यूटीएफ-८ धरायचा फिल्टर कुणीतरी चालू केलेला असणार. टॉमकॅट तो फिल्टर तयार देतो, पण झाकून, कॉमेंटीत. उघडायचं काम आपलं. मूळ सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा आता पुण्यात असतो. त्याचा नंबर मिळवून फोन लावला.

"हां, ती कॉमेंट मीच काढलेली तेव्हा," तो लगेच म्हणाला. "कनेक्टरलाही लिहिलेलं एक."

"मग कुठं लिहून का नाही ठेवलं?"

"चाललं होतं की सर."

यावर काय बोलणार? चालत असलेल्या गोष्टीबद्दल कुणी लिहीत नाही. हरिपुरातली हळदीची पेवं कशी भरायची, तळाला काय घालायचं, तोंड कसं लिंपायचं, हे ज्यांना येत होतं त्यांनी कुठं लिहून ठेवलं होतं? जमिनीच्या पोटात हळद वर्षानुवर्षं टिकायची, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं पाण्याखाली गेली, आणि आता गोदामं आणि शीतगृहं आहेत. मी लहानपणी एका पेवाच्या तोंडाशी उभा राहिलोय. आतून येणारी ती कोंदट, गरम, कडसर हवा, आणि 'मागं सर' म्हणून ओरडणारे आजोबा. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, माणूस गुदमरून मरतो. किती वेळ थांबायचं ते मात्र मला कुणी सांगितलं नाही, कारण तेव्हा ते सगळ्यांनाच माहीत होतं.

दुरुस्ती अगदीच किरकोळ निघाली. पुन्हा सर्व्हरच्या फोल्डरात ते लिहायचं मी टाळलं. टॉमकॅट ९ सर्व्हलेट ४ चा आहे, त्यात अ‍ॅप्लिकेशनच्या स्वतःच्या वेब.एक्सएमएल मध्येच विनंतीचा संकेत लिहायची सोय आहे. एक ओळ. ती वॉरमध्ये बसते, वॉर पेनड्राइव्हवर जाते, म्हणजे उद्या मशीन बदललं तरी ओळ बरोबर येईल. ही सूचना विनंतीतलं काहीही वाचायच्या आधी सर्व्हरला कळावी लागते. एकदा पॅरामीटर वाचून झाले की मग कितीही सांगा, ऐकत नाही. टॉमकॅट बंद करून चालू केला, दिवाणजींना एक खोटं खातं काढायला सांगितलं. त्यांनी नाव टाकलं 'हळद'. साठवलं, उघडलं. हळद. पुन्हा साठवलं, पुन्हा उघडलं. हळद. मग प्रिंट काढली, कागद उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "आलं की ओ."

बिघडलेली जुनी नावं परत आणणं त्याहून किचकट. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला 'लॅटिन१' हा आयएसओ-८८५९-१ नव्हे, विंडोजचा १२५२ तक्ता आहे. जी घरं आयएसओच्या तक्त्यात मोकळी, त्यांतल्या बऱ्याच घरांत विंडोजने आपली चिन्हं बसवलेली. म्हणजे डेटाबेसातल्या डेटाबेसात नावं उलटी फिरवायला गेलं की नेमका क ते ट चा बहुतेक पट्टा प्रश्नचिन्हं होऊन पडतो, आणि मग खाडे-गाडे कायमचे एक. म्हणून डेटाबेसाची आधी पूर्ण प्रत काढून, जावात छोटा प्रोग्रॅम लिहून प्रत्येक नाव उलटं फिरवलं: अक्षरांचे बाइट, बाइटांचं पुन्हा यूटीएफ-८, मराठी दिसेपर्यंत फिरवायचं, दिसलं की थांबायचं. काही नावं एकदाच बिघडलेली, काही तीन-तीन पदरी. दिवाणजी शेजारी खुर्ची ओढून बसले होते. पडद्यावर नावं वर सरकत होती, येन आणि पाऊण आणि डिग्र्या गळून त्यातून जाधव, माने, शेळके निघत होते, आणि ते प्रत्येकाला 'हां', 'हां' म्हणून ओळख देत होते. भडंगाची पुडी मधे उघडून ठेवली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मधेच त्यांनी विचारलं, "मग चूक कुणाची हो ही?"

मी सांगायचा प्रयत्न केला. ब्राउझरने बरोबर पाठवलं. टॉमकॅट नियमाला धरून वागला. डेटाबेसाने दिलं ते जपलं. पुण्याच्या मुलाने तेव्हा केलं ते योग्य केलं, नवं मशीन लावणाऱ्याला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. मालकांना एखादं नाव हवं होतं, ते उघड होतं. दोन हंगामांचा त्रास कुणाच्या तरी खात्यावर पडायला हवा, हा पेढीचा साधा न्याय. दिवाणजींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे जमा-खर्च दोन्ही बरोबर, आणि शिल्लक चुकली," ते म्हणाले. हिशेबाचा माणूस, त्याला हे पटणारच नव्हतं. मलाही ते बोलताना पटत होतं आणि त्यांचा चेहरा बघितला की पटत नव्हतं. इतक्या नावांची दशा झाली, त्यातल्या एकाच्या पट्टीतून दुसऱ्याच्या मुलीचं लग्न वजा झालं, आणि कुणाचीच चूक नाही, हे काय उत्तर झालं?

एका गोष्टीत मात्र चूक स्पष्ट होती. सारखी साठवून साठवून फुगलेली नावं एके दिवशी रकान्यात मावेनाशी झाली, आणि डेटाबेस 'डेटा टू लाँग' म्हणून अडायला लागला. हा खरा तर देवासारखा धावून आलेला इशारा. लॉगमध्ये तारखेनिशी आहे. पण तेव्हा आलेल्या कुणीतरी मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोडच, म्हणजे न मावणारा मजकूर नाकारायचा नियम, काढून टाकला. त्रुटी दिसेनाशी झाली, सगळे खूश, त्याचे पैसेही चुकते झाले. त्या दिवसापासून लांब नावं शेपटाकडून गुपचूप तुटायला लागली. जे तुटलं ते कुठल्याच प्रोग्रॅमने परत येत नाही. खात्यात पहिलं नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव अशी रीत, त्यामुळे बळी गेला तो आडनावांचा. बाकी सगळ्या माफीच्या गोष्टी आहेत. न कळणं समजू शकतो. पण ओरडणाऱ्याचं तोंड दाबायचं आणि त्याला दुरुस्ती म्हणायचं, हे आमच्या धंद्यात रोज होतं, आणि त्याचं बिलही लागतं.

स्ट्रिक्ट मोड परत चालू केला, कॉन्फचा फोल्डर मुलाच्या पेनड्राइव्हवर जायची सोय केली. तुटक्या नावांची यादी छापून दिवाणजींच्या हातात दिली. मी गाळ आणि हळद बसलेल्या वायरी गुंडाळत होतो. त्यांनी डायरी उघडली, ते दोन स्तंभांचं पान उलटून टाकलं आणि मागच्या फोन नंबरांवर आले. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पहिला नंबर लावला.

"हॅलो, पेढीवरनं बोलतोय. न्हाई न्हाई, दर नंतर सांगतो. आडनाव सांगा तुमचं. अहो म्हाईत हाय, पण कंपूटरला पायजे. मोठ्यानं सांगा. ख खटाऱ्याचा का ग गणपतीचा? ... घ? घ घराचा? बघा, आणि आम्ही गाडेच धरून चाललोय."